पहिल्या हंगामाची रेड वाईन: कौटुंबिक वायनरीतली जुनी पद्धत, पायरीपायरीने

काळ्या द्राक्षाचा एक मणी चिमटीत धरून दाबा. बोटावर येतो तो रस जवळजवळ बिनरंगी असतो. रेड वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून येतो. बियांतही तुरटपणा असतो, पण तो कडक आणि घसा धरणारा. गरापर्यंत रंग उतरलेल्या जाती मोजक्याच आहेत, उदाहरणार्थ अलिकांत बुशे किंवा जॉर्जियातली सापेरावी. बाकी सगळीकडे रेड वाईन करायची म्हणजे रस सालींसकट आंबवायचा, एवढाच याचा गाभा.

छोट्या वायनरीत पहिल्यांदा हंगामाला उभं राहणाऱ्यासाठी, किंवा त्याच पद्धतीने आपली पहिली खेप करू पाहणाऱ्यासाठी हा लेख आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या लक्षात राहिल्या नाहीत तरी चालेल. एक विभागणी मात्र पक्की डोक्यात ठेवा: द्राक्षं पिळेपर्यंत सगळं लक्ष सालीकडे, पिळल्यानंतर सगळं लक्ष हवेकडे. आंबत असताना थोडी हवा उपयोगी पडते. आंबवणी संपली की तीच हवा वाईनचं व्हिनेगर करायला टपलेली असते.

(वाईन करायला, निदान विकायला, बहुतेक देशांत परवाना लागतो. ते आधी बघून घ्या.)

कधी कापायची

साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. रेड वाईनसाठी साधारण २२ ते २५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) धरतात. ब्रिक्सला ०.५५ने गुणलं की होणाऱ्या अल्कोहोलचा अंदाज येतो. २४ ब्रिक्सची द्राक्षं म्हणजे सुमारे १३ टक्के. पण नुसत्या आकड्यावर कात्री चालवू नका. मणी तोंडात टाका, साल चावा, बी दाताखाली फोडा. बी तपकिरी होऊन कुडुमकुडुम फुटत असेल आणि साल चावल्यावर जिभेवर हिरवट चव रेंगाळत नसेल, तर द्राक्ष तयार आहे. मळ्याच्या सगळ्या बाजूंचे मणी घ्या. उन्हाच्या बाजूचे तेवढेच खाऊन बघितले तर फसवणूक ठरलेली.

दुसरा आकडा पीएचचा, म्हणजे आम्लतेचा: आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. नवखे लोक तो सोडून देतात आणि पुढे वर्षभर त्याची किंमत मोजतात. ३.४ ते ३.६ असेल तर निवांत राहा. ३.८च्या वर गेला की जंतूंना मोकळं रान मिळतं, कारण जंतू दाबायला घालतात त्या सल्फाइटची ताकद पीएचवर ठरते. पीएच ३.४ ऐवजी ३.८ असेल, तर तेवढाच परिणाम साधायला सुमारे अडीच पट मोकळं, म्हणजे इतर घटकांशी जोडलं न गेलेलं, सल्फाइट लागतं. आम्लता कमी पडत असेल तर टार्टारिक आम्ल घालता येतं, आणि ते आंबवणीआधीच घालणं चांगलं.

कापणी सकाळच्या गारव्यात, उथळ क्रेटमध्ये. खोल पेटीत तळाचे घड वरच्या वजनाने फुटतात आणि वायनरीत पोचण्याआधीच आंबू लागतात. बुरशी लागलेले घड मळ्यातच टाकून द्या. कुजक्या द्राक्षातलं एक विकर (एन्झाइम) रंगाला हवेत तपकिरी करतं, आणि त्यावर नंतर कुठलाही सोपा इलाज नाही.

देठ काढायचे की ठेवायचे

बहुतेक घरांत देठ काढून मणी हलकेच फोडतात. मणी फुटला पाहिजे, बी नाही. बी चिरडली तर वाईन कडवट होते. पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत द्राक्षं पायाने तुडवण्याची रीत अजून काही ठिकाणी टिकून आहे. तिच्यामागे हौसेपलीकडचं कारण आहे: तळपाय साल फाडतो पण बी फोडत नाही. फ्रान्सच्या बर्गंडी भागात काही जण घड देठासकट टाकतात. त्याने वास खुलतो आणि आंबवणी जरा संथ होते, पण देठातल्या पोटॅशियममुळे पीएच चढतो आणि रंगही थोडा कमी होतो. देठ हिरवा असेल तर वाईनलाही हिरवट चव येते. पहिल्या वर्षी देठ काढा. हा प्रयोग नंतर करायचा.

फोडलेल्या मण्यांच्या या लगद्याला मस्ट म्हणतात. भांडं लाकडी, स्टीलचं किंवा अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकचं, रुंद तोंडाचं घ्या आणि तीन चतुर्थांशच भरा. आंबताना मस्ट फुगतं. काठोकाठ भरलेलं पिंप रात्रीतून फरशीवर उतरतं. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात, क्वेव्रीत, आंबवतात. या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जमिनीमुळे तापमान आपोआप धरून राहतं, हा तिचा मोठा फायदा. पण रांजण धुणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते कुणीतरी सोबत बसून शिकवावं लागतं.

१०० किलो द्राक्षांपासून शेवटी ६५ ते ७० लिटर वाईन हाती येते. भांड्यांचा हिशेब याच आकड्यावर लावा.

सल्फाइट आणि यीस्ट

मस्ट भरतानाच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. रानटी जंतू दबतात आणि रस तपकिरी होत नाही. १०० किलो द्राक्षांना ६ ते ७ ग्रॅम पुरे, पाण्यात विरघळवून. ही पूड वजनकाट्यावरच मोजा. चिमटीच्या अंदाजात निम्मं किंवा दुप्पट सहज होतं.

पारंपरिक म्हणजे बाहेरचं यीस्ट घालायचंच नाही, असा एक हट्ट आहे. जुन्या तळघरांत तो चालतो, कारण तिथल्या लाकडात, भिंतींत आणि नळ्यांत हंगामोहंगाम वाईनचं यीस्ट मुरलेलं असतं. सालीवर जे यीस्ट असतं त्यातलं बहुतेक ४-५ टक्के अल्कोहोल झालं की मान टाकतं, आणि मग सॅकरोमायसिसला, म्हणजे वाईनच्या खऱ्या यीस्टला, पुढचं काम उचलावं लागतं. नव्या जागेत ते पुरेसं नसेल तर मधल्या वेळात नखांच्या रंगासारखा वास धरतो. म्हणून नवख्याने दोनपैकी एक करावं. एक तर विकतचं सुकं यीस्ट घ्यावं, १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम. ते दहापट कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंश सेल्सिअसला, पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं आणि मग थोडं थोडं मस्ट घालत गार करायचं. एकदम थंड मस्टमध्ये ओतलं तर अर्धं तिथेच मरतं. दुसरा रस्ता जुन्या घरांचा: मुख्य कापणीच्या चार-पाच दिवस आधी थोडी निरोगी द्राक्षं तोडायची, फोडून उबेला ठेवायची, आणि त्यातल्या ज्या भांड्याला स्वच्छ, फळाचा वास येतो तेच विरजण म्हणून वापरायचं. वासात शंका आली की फेकून द्यायचं. यासाठी दोन-तीन छोटी भांडी वेगवेगळी लावावीत, म्हणजे निवडीला जागा राहते.

आंबवणीचे दिवस

एक-दोन दिवसांत बुडबुडे दिसू लागतात. कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर साली वर येतात आणि त्यांचा जाड थर, म्हणजे कॅप, रसावर तरंगू लागतो. इथून पुढे हंगामातलं सगळ्यात मेहनतीचं काम सुरू होतं. कॅप कोरडी पडली तर तिच्यावर व्हिनेगरचे जिवाणू बसतात, चिलटं घोंगावू लागतात, आणि साल रसात नसल्याने रंगही उतरत नाही. म्हणून लांब दांड्याच्या दट्ट्याने ती दिवसातून तीनदा खाली दाबायची. मोठ्या टाकीत तळाचा रस काढून पंपाने वर फिरवतात. घर लहान असेल तर दट्ट्याच बरा. हाताला कॅपचा घट्टपणा कळतो, आणि त्यावरून आतली हालचालही कळते.

जोर किती लावायचा? पहिले दोन-तीन दिवस, अल्कोहोल कमी असताना, मोकळ्या हाताने. नंतर जरा जपून, कारण अल्कोहोल वाढलं की बियांचा तुरटपणा सुटू लागतो. रंग पहिल्या चार-सहा दिवसांतच बहुतेक उतरून येतो. नवख्यांचा समज असतो की साल जितकी जास्त दिवस ठेवू तितकी वाईन गडद होईल. तसं होत नाही. त्या टप्प्यानंतर रंग उलट किंचित उतरतो आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, तेवढं वाढत राहतं. महिनाभर सालीवर ठेवलेल्या उत्तम वाईनी आहेत, पण त्या पिकलेल्या बियांच्या आणि वर्षानुवर्षं वाट बघायची तयारी असलेल्या घरांच्या आहेत. पहिल्या खेपेला सात ते दहा दिवस पुष्कळ झाले.

तापमान २५ ते ३० अंश ठेवा. थर्मामीटर कॅपच्या आत खुपसून बघा, कारण कॅप खालच्या रसापेक्षा कित्येक अंशांनी गरम असते. ३५च्या वर यीस्ट मरू लागतं आणि साखर शिल्लक असतानाच आंबवणी अडते. अडलेली आंबवणी पुन्हा सुरू करणं हे जाणत्यालाही घाम फोडणारं काम आहे. छोट्या पिंपाची अडचण उलटी असते: उष्णता लगेच निसटते आणि मस्ट थंडच राहतं. तेव्हा घोंगडी गुंडाळा. मोठ्या टाकीला थंड पाणी, छोट्या पिंपाला ऊब, असा साधा नियम.

रोज दोन वेळा हायड्रोमीटरने घनता आणि तापमान वहीत लिहा. २४ ब्रिक्सचं मस्ट १.१००च्या आसपास सुरू होतं आणि पूर्ण आंबल्यावर ०.९९५च्या जवळ येतं. आकडा रोज उतरत असेल तर हात लावू नका. सडक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्टला बहुतेक नायट्रोजन कमी पडतोय. यीस्टचं खाद्य द्या आणि रस हवेतून जोरात फिरवा. या एकाच टप्प्यावर हवा बिनधास्त देता येते. हा वास आत्ता घालवला नाही तर पुढे तो लसणासारख्या वासात बदलतो आणि मग जाता जात नाही.

थांबून वाचा: तळघरातला वायू

एक लिटर मस्ट पूर्ण आंबताना ५०हून अधिक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळघराच्या तळाशी आणि रिकाम्या टाकीत साचून राहतो. दिसत नाही, वासही येत नाही. वाइन करणाऱ्या देशांत यामुळे माणसं मरतात, आणि बऱ्याचदा एक पडल्यावर त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. घरच्या वायनरीत हे जास्त घडू शकतं, कारण आत पडलेला माणूस आपला भाऊ किंवा बाप असतो आणि पाय थांबत नाहीत.

मेणबत्ती घेऊन उतरायची जुनी रीत तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. तिच्यावर विसंबू नका; ज्योत जळत असतानाही वायू माणसाला घातक ठरण्याइतका असू शकतो. वायूमापक यंत्र घ्या. पंखा तळाशी लावा, दार उघडं ठेवा, एकटं कधी उतरू नका. टाकीतला चोथा काढायचा तर शक्यतो बाहेरूनच, लांब दांड्याच्या फावड्याने ओढा. आत कुणी कोसळलं तर बाहेरच्याने आरडाओरडा करून मदत बोलवायची, उडी मारायची नाही. हा नियम हंगामाच्या आधी सगळ्या घराला बसवून सांगा, पोरांसकट.

पिळणी

घनता १.०००च्या खाली आली आणि चव घेतल्यावर तुरटपणा तुम्हाला हवा तितका वाटला की पिळायची वेळ झाली. आधी नळ उघडून आपोआप वाहणारी वाईन काढून घ्या. उरलेल्या साली लाकडी पट्ट्यांच्या उभ्या टोपलीप्रेसमध्ये भरा. थोडा दाब द्या, थांबा, वाहू द्या, परत थोडा दाब. घाई केली तर चोथ्याची भिंत तयार होते आणि रस आतच कोंडतो. दाबून निघालेली वाईन एकूण वाईनच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. ती गडद आणि खरखरीत असते, वेगळी ठेवा. काही महिन्यांनी चव घेऊन ती किती मिसळायची ते ठरवता येतं, पण एकदा मिसळलेली काढून घेता येत नाही.

इथून हवेशी वैर सुरू.

दुसरी, शांत आंबवणी

वाईन आता शांत दिसते, पण आत काम चालू असतं. ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू कैरीसारख्या आंबट मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात. पूर्वी हे हिवाळ्यात थांबायचं आणि वसंतात तळघर उबदार झालं की पिंपं पुन्हा कुजबुजू लागायची. वेलीत रस चढला की वाईनही जागी होते, असं लोक म्हणायचे. लुई पाश्चरने १८६०च्या दशकात वाईन कशी बिघडते याचा अभ्यास केला, त्यानंतर बराच काळ वाईनमधल्या जिवाणूंकडे रोग म्हणूनच पाहिलं गेलं. हे विशिष्ट जिवाणू रेड वाईनला हवेच असतात हे विसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दोच्या एमिल पेनो यांच्यासारख्या संशोधकांनी वाईन करणाऱ्यांना पटवून दिलं.

तुमचं काम एवढंच: खोली २० अंशांच्या आसपास ठेवा, भांडं भरलेलं ठेवा, आणि हे संपेपर्यंत सल्फाइट घालू नका. संपलं की नाही हे जिभेवर सोडू नका. वाईनमधली आम्लं कागदावर वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी कागदी क्रोमॅटोग्राफीची छोटी पेटी मिळते. कागदावरचा मॅलिकचा ठिपका गेला की काम झालं. मग मात्र त्याच दिवशी सल्फाइट. हे अर्धवट सोडून वाईन बाटलीत भरली तर बाटलीत बुडबुडे होतात आणि वाईन गढुळते.

बॅरल

बोर्दोचं बॅरल २२५ लिटरचं, बर्गंडीचं २२८. लाकडातून अगदी थोडी हवा झिरपते आणि तिने टॅनिन मऊ होतं. बॅरलचं खरं काम हेच. ओकचा व्हॅनिलासारखा वास नव्या लाकडाचा, आणि तीन-चार वर्षांच्या वापरानंतर तो जवळजवळ संपतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नवं बॅरल आणू नका. स्वच्छ, जुनं, ओळखीच्या घरातलं बॅरल वाईनला झाकत नाही, आणि चुकाही स्पष्ट दिसतात. घेण्याआधी बुचाच्या भोकाला नाक लावा. व्हिनेगरचा किंवा घोड्याच्या तबेल्याचा वास आला तर फुकट दिलं तरी नको. तबेल्याचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. ते लाकडाच्या आत खोलवर शिरतं आणि धुऊन निघत नाही. कोरडं बॅरल गरम पाण्याने भिजवून फळ्या फुगू द्या, गळती थांबली की भरा. धुण्यासाठी, आणि तळघरात कुठेही, क्लोरीनचा ब्लीच वापरू नका. क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं संयुग तयार होतं, आणि वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो.

बॅरलमधून वाईन सतत उडत असते. वर रिकामी जागा राहिली की व्हिनेगरचे जिवाणू बसलेच म्हणून समजा. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच वाईनने काठोकाठ भरा. त्यासाठी थोडी वाईन छोट्या भरलेल्या बाटल्यांत बाजूला ठेवावी लागते, आणि नवखे नेमकं हेच विसरतात. तीन-चार महिन्यांनी वरची नितळ वाईन नळीने दुसऱ्या भांड्यात घेऊन खालचा गाळ टाका. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा पुरे.

वर्षभराने तुरटपणा जास्तच बोचत असेल तर बोर्दोचा जुना उपाय आहे: एका बॅरलला चार ते सहा अंड्यांचा पांढरा भाग, चिमूटभर मिठासह हलकेच ढवळून. तो टॅनिनला धरून तळाशी बसतो आणि वाईन वरून काढून घेता येते. बाटलीवर तसं लिहायचा नियम अनेक देशांत आहे, कारण अंड्याची ॲलर्जी असलेले लोक असतात.

घरच्या नाकांबद्दल

कौटुंबिक वायनरीची ताकद आठवणीत असते: कुठल्या वर्षी पाऊस कधी आला, कुठलं बॅरल हळू चालतं, हे कुणाला तरी तोंडपाठ असतं. दुबळेपणाही तिथूनच येतो. रोज एकाच तळघरात वावरणाऱ्या नाकाला तिथला दोष दोष वाटेनासा होतो. तबेल्याचा वास ही 'आमच्या घरची ओळख' आहे, असं अभिमानाने सांगणारी घरं आहेत. तुम्ही नवखे आहात, तर तुमचं नाक अजून बिघडलेलं नाही. पहिल्या काही आठवड्यांत जे खटकतं ते लगेच तारखेसह लिहून ठेवा. घरातल्या जाणत्याला चारचौघांत सांगू नका, बॅरलपाशी दोघंच असताना दुसऱ्या बॅरलचा पेला शेजारी ठेवून विचारा. चव घेताना प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं. नाही तर सगळ्यात वडील माणूस जे म्हणेल तेच सगळ्यांना लागतं.

बाटलीत भरताना

बारा ते अठरा महिन्यांनी वाईन नितळ आणि शांत असेल, मोकळं सल्फाइट लिटरला २५ ते ३५ मिलिग्रॅम असेल, तर भरायला घ्या. २२५ लिटरमधून हिशेबाने ३०० बाटल्या होतात. गाळ सोडून थोड्या कमीच मिळतात, आणि तळाच्या त्या शेवटच्या बाटल्यांचा मोह टाळा. नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरा, वरून धार सोडू नका. बूच मारल्यावर एक-दोन दिवस बाटल्या उभ्या ठेवा, मग आडव्या करा.

भरल्यानंतर काही आठवडे वाईन मुकी होते. वास बंद, चव विस्कटलेली. या काळात कुणाला पाजू नका आणि स्वतःही हिरमुसू नका. एक पेटी मात्र विक्रीतून आणि पाहुण्यांतून वगळून, खेपेचा क्रमांक टाकून कुलपात ठेवा. दर सहा महिन्यांनी तिच्यातली एक बाटली आंबवणीची वही समोर उघडून प्या. तापमान चढलं होतं तो दिवस, पिळणी उशिरा झाली तो दिवस, यांतलं पेल्यात काय उतरलंय ते त्याच वहीच्या समासात लिहा.